पिशवी कुणाची गेली

अयुबमामा आणि चेअरमन यांचं दिवसातून तीनदा तरी भांडण होई, आणि ते झालं नाही तर दोघांनाही जेवण जात नसे. कवठे येमाईच्या रस्त्याला, उसाच्या शेतांच्या मधोमध ललिताताईंचा छोटासा वृद्धाश्रम आहे. त्यातल्या शेवटच्या खोलीत हे दोघं राहत. मामा म्हणजे अयुब हुसेन मनियार. उभी हयात शिरूर, दौंड, केडगावच्या आठवडे बाजारात बांगड्या भरण्यात गेली, म्हणून दोन तालुक्यांतल्या लेकीसुनांचे ते मामा. चेअरमन म्हणजे खुटबावचे पोपटराव शितोळे. गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन होते. पुढं संस्था बुडाली, पदवी तेवढी तरंगत राहिली. आश्रमात यांना मामा आणि चेअरमन याशिवाय दुसरी नावं असतील, याचा कुणाला पत्ताही नव्हता. ते एकमेकांनाही याच नावांनी हाक मारत.

भांडायला विषय लागतच नसे. पंखा किती वर ठेवायचा, रेडिओवर काय लावायचं. मामा म्हणत, चेअरमन घोरतात. चेअरमन म्हणत, मामा खोटं बोलतात. पण अंधारात मामांनी नुसतं खाकरलं, की तिकडचं घोरणं टक्कन बंद होई आणि "जागाच हाय मी," असा आवाज येई. मग मामांनाही झोप लागे.

पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ या खोलीतल्या दोन कॉटमध्ये आहे. कॉट जुन्या, कुठल्याशा दवाखान्यातून आलेल्या. डोक्याकडची बाजू कायमची उचललेली, त्यामुळं उलटं झोपायची सोय नाही. झोपलंच तर पाय आभाळाला. खोलीही अशी अडनिडी की कॉट फिरवायला जागा नाही. खिडकीशी चार नंबरची कॉट, तिच्यावर झोपलं की पाय दक्षिणेला. दाराशी पाच नंबरची, तिच्यावर पाय पश्चिमेला. ताईंनी चेअरमनना चार नंबर दिला आणि मामांना पाच. आता मामांनी पश्चिमेकडं, काब्याकडं पाय करून झोपायचं कसं? आल्या दिवसापासून ते पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून झोपत. सकाळी गुडघे सरळ होत नसत. पण बोलले नाहीत. आधीच पोरानं आणून टाकलेला माणूस, त्यात कटकट्या ठरायची हौस त्यांना नव्हती.

एके सकाळी चेअरमननीच तक्रार मांडली. "मामा, मला ह्या कॉटवर झोप न्हाई. दक्षिणेकडं पाय म्हंजी यमाच्या दारात पाय सोडल्यागत वाटतं. तुमची कॉट द्या मला."

मामांना आतून उकळ्या फुटल्या, पण वरून त्यांनी खूप आढेवेढे घेतले, चार उपकार सांगितले आणि मग मोठ्या मनानं कॉट दिली. अल्लाच पावला म्हणायचं.

माणसं बदलली, पिशव्या मात्र बदलल्या नाहीत. प्रत्येकाच्या गोळ्या आणि फाइल एका कापडी पिशवीत, आणि पिशवी कॉटवरच्या खिळ्याला, अशी आश्रमाची पद्धत. ललिताताई गोळ्या स्वतःच्या हातानं देत. "मी माणसं ओळखते, खिळे नाही," म्हणत आणि पिशव्या उद्या बदलू म्हणत. तो उद्या काही उजाडला नाही.

त्या दिवशी ताई भाचीच्या साखरपुड्याला दौंडला गेल्या होत्या. मागं रश्मी होती, आणि रश्मीचा आश्रमातला तो पहिलाच दिवस. पोरगी गुणी, हातापायानं चपळ, पण एवढे म्हातारे आणि ती एकटी. दुपारच्या चहाला चेअरमन ओसरीवर आले, सांडलेल्या पाण्यावरून पाय सरकला आणि डोकं खांबावर आपटलं. उठले. हसले. "खांबाला लागलं का बघा," म्हणाले, चहा प्याले. थोड्या वेळानं त्यांना उलटी झाली आणि बोलणं जड पडायला लागलं.

रश्मीनं वेळ दवडला नाही. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली. चेअरमनच्या कॉटवरची पिशवी खिळ्यावरून काढली, आतल्या फाइलवर 'मुलगा' म्हणून नंबर होता त्यावर फोन लावून, तुमच्या वडिलांना शिरूरला नेतोय, असं कळवलं, आणि पिशवी स्ट्रेचरवर चेअरमनच्या पायांपाशी ठेवली. डोकं आपटल्याचं गाडीवाल्यांना सांगायचं राहिलं, आणि फाइलवरचं नाव तिनं वाचलं नाही. त्या घाईत तुम्हीआम्हीही वाचलं नसतं. मामा फाटकापर्यंत गेले. "लवकर या चेअरमन, रेडिओ मी लावणार न्हाई तवर," असं ओरडले. चेअरमननी हात वर केल्यासारखं वाटलं. गाडी गेली.

ऊन उतरलं तशी रश्मी गोळ्या घेऊन आली.

"मामा, तुमच्या गोळ्या. चार नंबर ना तुम्ही?"

मामांनी हात पुढं केला. तळव्यावर दोन गोळ्या पडल्या, त्यातली एक अर्धी मोडलेली.

"ही माझी न्हाई."

"चार नंबरच्या पिशवीतलीच आहे मामा."

"अगं, ही अर्धी गोळी चेअरमनची. रक्त पातळ करायची. 'अर्धी द्यायला मी काय पोर हाय का,' म्हणून रोज ताईंशी भांडतो तो." बोलता बोलता मामांची नजर दाराशी गेली. पाच नंबरच्या कॉटवरचा खिळा मोकळा होता. "पोरी, त्याच्या संगं पिशवी कुणाची गेली?"

दोघांनी मिळून चार नंबरची पिशवी कॉटवर उपडी केली. फाइल निघाली. पोपटराव गणपत शितोळे, मुक्काम खुटबाव. म्हणजे शिरूरला गेलेल्या फाइलवर नाव होतं अयुब मनियारचं आणि आजार होता साखरेचा.

मागच्याच आठवड्यात दाढी करताना चेअरमनची हनुवटी कापली होती. एवढीशी जखम, पण टॉवेल भिजला तरी रक्त थांबेना. तेव्हा ताईंनी दोघांना समोर बसवून दटावलं होतं, या गोळीवर माणूस असताना पडणं म्हणजे थट्टा नाही, डोक्याला लागलं तर पहिलं मला सांगायचं. बाहेर ही गत, तर आत काय होत असेल? आणि तिथं हे ठाऊक कुणाला? हातातल्या गोळ्या खाली पडल्या त्याही मामांना कळल्या नाहीत.

रश्मीनं ताईंना फोन लावला. लागेना. साखरपुड्याच्या हॉलमध्ये कुणाचा फोन लागतो? मग हॉस्पिटलला लावला, आणि मामांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"पोपटराव शितोळे? असा पेशंट आमच्याकडं आलेला नाही," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"अहो, कवठ्याहून ॲम्ब्युलन्स आली ना!"

"ते अयुब मनियार आहेत."

मामांनी स्वतःचं नाव असं परक्या तोंडून ऐकलं. मेल्यावर बहुतेक असंच ऐकू येत असेल, असं त्यांना वाटून गेलं.

"कसे आहेत ते?" रश्मीनं विचारलं.

"माहिती नातेवाइकांनाच देतो आम्ही. पण घाबरू नका. शुगरचे पेशंट आहेत, चक्कर आली असेल. सलाईन लावलंय. शांत झोपलेत."

शांत झोपलेत म्हणे! रश्मीनं पिशवीची अदलाबदल सांगितली, एकदा सांगितली, दोनदा सांगितली.

"मग नाव बदलायचं असेल तर आधार कार्ड घेऊन काउंटरला या ताई."

मामांनी फोन तिच्या हातातून ओढला. "अरं बाबा, मीच अयुब मनियार! मी हितं हाय, जित्ता हाय! तिकडं दुसरा माणूस हाय, त्याचं डोकं बघा!"

"कोण बोलताय आपण?"

"अयुब मनियार!"

"आजोबा, अयुब मनियार आमच्याकडं ॲडमिट आहेत," तो माणूस शांतपणे म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. परत लावला तर लाइन बिझी. त्याचा तरी काय दोष? त्याच्यापुढच्या कागदावर होतं तेच तो बोलत होता, आणि कागदापुढं जिवंत माणसाचं काय चालतं?

मामा उठून चपला शोधायला लागले. "मी जातो."

"कशानं जाल मामा? बिबट्याच्या भीतीनं या वेळेला रिक्षावाला फाट्याच्या आत येत नाही. आणि मी एवढ्यांना सोडून कशी येऊ?" रश्मीच्या डोळ्यांत पाणी होतं. ओसरीवर इतर म्हातारे जमून काय झालं, काय झालं म्हणत होते. मामा दाराची चौकट धरून उभे राहिले. फाट्यापर्यंतही आपण चालत पोहोचणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्या खोट्या नावाखाली चेअरमन तिकडं गुपचूप मरून जाईल, आणि गेला म्हणून निरोपसुद्धा भलत्याच घरी जाईल.

भलत्याच घरी! मामा ताठ झाले.

"पोरी, दुपारी तू फोन कुणाला केलास?"

"फाइलवर होता त्या मुलाला. ते म्हणाले, लगेच निघतो."

म्हणजे मुजीबला. मामांचा मुलगा. मुजीब शिक्रापूरच्या एका कंपनीत, त्याची बायको जास्मिन दुसऱ्या कंपनीत, राहायला एक भाड्याची खोली, दोघांच्या शिफ्टा. म्हातारा दिवसभर कुलपात. एकदा मामा गॅस चालू ठेवून झोपले आणि त्यानंतर मुजीबनं त्यांना इथं आणलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मामांनाही मनातून ठाऊक होतं आणि म्हणूनच राग जास्त होता. ईदपासून ते मुलाशी बोलले नव्हते. फोन आला की ताईंना खूण करत, झोपलेत म्हणून सांगा.

"लाव त्याला," मामा म्हणाले.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "हां मॅडम, रांजणगावच्या पुढं आलोय, ट्रॅफिक लय हाय. अब्बा कसं हायत? शुद्धीवर हायत का?"

"मुजीब," मामा एवढंच म्हणाले.

तिकडं नुसते ट्रकचे हॉर्न वाजत राहिले. मग आवाज आला, "अब्बा? आप? आप बोल रहे?" आणि पाठोपाठ रडणं. एवढा बाप्या माणूस, हायवेच्या कडेला गाडी लावून लेकरासारखा रडत होता.

"मी बरा हाय. मला धाडसुद्धा भरली न्हाई. आधी ऐक." मामांनी सगळं सांगितलं, धापा टाकत, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत.

"म्हंजी तुम्हाला खरंच काय झालं न्हाई?" मुजीब पुन्हा विचारत होता. "अल्लाचं शुक्र! मग मी तिकडंच येतो अब्बा, तुम्हाला डोळ्यांनी बघतो."

"इकडं येऊ नको!" मामा एवढ्यानं ओरडले की ओसरीवरचे म्हातारे गप्प झाले. "तू बापाला बघायला निघालास ना? मग तसाच जा, त्याच जिवानं जा. त्या दारात आज माझंच नाव चालतंय, बाळा. अयुब मनियारचा मुलगा म्हणून आत शिर. आत गेल्यावर खरं सांग. तो पोपटराव हाय, रक्त पातळ करायची गोळी खातो, आन् डोक्यावर पडलाय."

मुजीब गाडीला किक मारताना ऐकू आला.

आता वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं, आणि वाट बघणं हे भीतीचं सगळ्यात आवडतं खाद्य. रश्मीनं चेअरमनच्या खऱ्या फाइलमधला नंबर लावला. चेअरमनला मूलबाळ नव्हतं. खुटबावचा पुतण्या पृथ्वीराज हाच काय तो जवळचा. तो ऐकताक्षणी निघाला. गाडी चालवत चालवत तो एकेक विचारत होता आणि मामा सांगत होते. सांगता सांगता मामांचा बांध फुटला.

"माझ्यामुळं झालं रं पृथ्वीराज. कॉटी आम्ही बदलल्या. त्याला दक्षिणेकडं पाय नको होतं, आन् मला पश्चिमेकडं. त्यानं मागितली तवाच मी न्हाई म्हणायला पायजे होतं. माझी सोय होती म्हणून मी गप बसलो."

"कुणाला दक्षिण नको होती? आबांना?" पृथ्वीराज गोंधळला. "मामा, आबा दिशाबिशा काय मानत न्हाईत. घरी त्यांची कॉट दक्षिणेलाच पाय करून हाय, माझ्या लग्नाच्या आधीपासून. आई बोलायची तर तिलाच हसायचे."

म्हणजे चेअरमननं मामांचं मुटकुळं बघितलं होतं. तुम्हाला कॉट देतो म्हणाला असता तर मामांनी घेतली नसती, हे ओळखून स्वतःच्याच नावावर भीती घेतली, आणि वर मामांचे उपकारही मुकाट ऐकून घेतले. आता त्या उपकाराची फेड अशी व्हायची होती का? मगरिबची वेळ झाली होती. मामा खुर्चीवरच नमाजाला बसले, पण आयत तोंडात आणि कान फोनकडे. अल्ला समजून घेईल म्हणाले.

फोन वाजला तो मुजीबचा, व्हिडिओचा. पडद्यावर आधी पांढरी भिंत दिसली, मग कुणाचा तरी खांदा. मामांनी पडदा नाकाशी धरला. मुजीब आत पोहोचला होता. एक तरुण डॉक्टरीणबाई त्याला विचारत होत्या, "अयुब मनियारांचे नातेवाईक तुम्हीच ना?"

"व्हय... म्हंजी न्हाई. मॅडम, हे माझे वडील न्हाईत."

झालं! वॉर्डात एकदम गलका उठला. "मग आत कसा आलास?" कुणीतरी म्हणालं. कुणीतरी त्याचा दंड धरला असावा, कारण पडदा गरकन फिरला आणि मामांना नुसतं छत दिसायला लागलं. ट्यूबलाइट, पंखा, परत ट्यूबलाइट. मुजीबला बाहेर ओढत होते. मामा इकडं फोनमध्ये ओरडत होते आणि त्यांचा आवाज तिकडं कुणाच्या कानात शिरत नव्हता.

"रक्त पातळ करायची गोळी खातात ते!" मुजीबचा आवाज फाटला होता. "डोक्यावर पडलेत! फाइल चुकीची हाय, पण माणूस हाच हाय! मला हाकला, पण त्यांचं डोकं बघा!"

छत थांबलं.

"काय म्हणालात?" बाईंचा आवाज आला. "सोडा त्यांना. इकडं या. कुठली गोळी?"

रश्मीनं गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो तिकडं पाठवला. बाईंनी तो बघितला आणि आणखी एक शब्दही न बोलता कॉटकडं धावल्या. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, केसांखाली टेंगूळ लागलं. डोळ्यांत बॅटरी मारली. मुजीबनं फोन चेअरमनच्या तोंडाशी नेला. तोंड एका बाजूला कललेलं, आणि घोरणं चाललेलं. सिस्टरना ते झोपलेल्या माणसाचं घोरणं वाटलं असेल. मामांनी ते घोरणं रोज ऐकलं होतं आणि हे ते नव्हतं. हे खोलवरून, अडकून अडकून येत होतं.

मामांनी फोनमध्ये खाकरलं.

घोरणं थांबलं नाही. मामांनी पुन्हा खाकरलं, घसा दुखेस्तोवर खाकरलं. "चेअरमन! ओ चेअरमन! जागं हाय म्हणा की!" काही नाही. मामांना त्या क्षणी जी भीती वाटली तशी त्यांना बायको गेली तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान हात हातात होता.

पुढं सगळं पळापळीतच झालं. डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साठलं होतं. पुण्याला न्यावं लागणार, लगेच, बाई म्हणाल्या. पृथ्वीराज न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकला होता. त्यानं फोनवर होकार दिला आणि सरळ पुण्यालाच येतो म्हणाला, पण तोवर पेशंटबरोबर कुणी तरी हवं होतं.

"अब्बा, मी जाऊ का?" मुजीबनं विचारलं. "उद्या पहाटेची शिफ्ट हाय."

"विचारतोस काय, बस गाडीत! आन् ऐक. माझी फाइल त्याच्या उशाशी ठेवू नको, तुझ्या पिशवीत घाल. पुण्यात दार लागलं की पहिलं त्याचं नाव सांग, दुसरी गोळी सांग, तिसरं कसा पडला ते सांग. कुणाच्या हातात नुसता कागद देऊ नको. समोरच्याच्या तोंडाकडं बघून सांग, आन् त्यानं काय ऐकलं ते त्याच्याकडनं परत वदवून घे. दार बदललं की परत सांग."

"सांगतो अब्बा."

"डॉक्टरीणबाईंना म्हणावं, तुम्हीबी पुण्याला फोन करून सांगा."

"त्या तेच करतायत अब्बा. बोलतायत."

ललिताताई घाईघाईनं परतल्या, आल्या आल्या त्यांनी सगळ्या पिशव्या तपासल्या आणि मामांच्या खोलीतल्या कॉटवर डोकं धरून बसल्या. वरातीमागून घोडं, पण मामा त्यांना काही बोलले नाहीत. ज्याला त्याला आपापल्या वाटणीची चूक कळली होती. रश्मीला मात्र ताईंनी जवळ घेतलं. पोरगी हमसून हमसून रडली.

मामा त्या रात्री झोपले नाहीत. चार नंबरच्या कॉटवर पाय सोडवेनात. शेजारून काहीच आवाज येत नव्हता, आणि ज्या शांततेसाठी ते इतके दिवस भांडले होते ती आता छातीवर बसली होती. डोळा लागेल या भीतीनं ते उठून बसत. आपण झोपलो तर तिकडं काही तरी होईल, असं काहीतरी वेडं त्यांच्या डोक्यात घुसलं होतं. मधे एकदा मुजीबचा फोन आला. ऑपरेशनला आत नेलंय, नाव तीन दारांत सांगितलं, पृथ्वीराज पोहोचला. पुढचा फोन येईना. ऊन खिडकीतून कॉटवर आलं, ओसरीवर चहाच्या कपांचा आवाज झाला, तरी येईना.

आला तेव्हा बटण ताईंनी दाबलं.

"अब्बा, शुद्धीवर आले. आत्ताच. डॉक्टर म्हणतात, अजून धोका हाय, पण डोळं उघडलं."

"बोलला का?"

"बोलले. म्हंजी..." मुजीब अडखळला. "सिस्टरनं विचारलं, बाबा, तुमचं नाव काय? तर म्हणाले, अयुब. परत विचारलं, परत तेच. ती आता कागदावर लिहायला लागलीय."

मामा ताडकन उभे राहिले. रात्रभराची सगळी भीती एका झटक्यात पुन्हा अंगात शिरली. परत तेच! एवढं करून परत तेच नाव, परत तीच साखरेची फाइल, परत शांत झोपलेत! "लिहू देऊ नको!" ते किंचाळले. "मुजीब, पेन धर तिचं! पोपटराव म्हणावं, पोपटराव गणपत शितोळे! डोक्याला मार लागलाय त्याच्या, त्याला काय कळतंय? पृथ्वीराजला बोलाव!"

"अब्बा, पृथ्वीराज हितंच हाय. तुम्ही ऐका तर." मुजीब म्हणाला. "ते स्वतःचं नाव सांगत न्हाईत. तुम्हाला हाक मारतायत. मान वळवून शेजारच्या कॉटकडं बघतायत आन् अयुब, अयुब म्हणतायत."

मामा उभेच राहिले. इतक्या दिवसांत त्या माणसानं त्यांना नावानं एकदाही हाक मारली नव्हती. ते नाव त्याला ठाऊक आहे, हेही मामांना ठाऊक नव्हतं. ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बसा मामा, म्हणाल्या. पण ते बसेनात. चार नंबरच्या कॉटचा दांडा त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

"ते मला कळलं," ते मुजीबला म्हणाले. "आधी सिस्टरला कागदावरचं नाव दुरुस्त करायला सांग. मग मी रडतो."